रिटर्नचं कारण निवडा

आमच्या घरात ऑनलाइन खरेदीचा पश्चात्ताप बाबांना होतो अन् रिटर्नचा फॉर्म मी भरते. बाबा म्हणजे माझे सासरे. वीज मंडळात आयुष्य गेलं, आता रिटायर आहेत. ही वाटणी कोणी बसून ठरवलेली नव्हती, लग्न होऊन आले तेव्हा डबे कोण भरणार, गॅसचा नंबर कोण लावणार यावर बरीच चर्चा झाली होती, पण पार्सल परत कोण पाठवणार हा विषयच निघाला नाही, कारण तेव्हा बाबांकडे बटणांचा फोन होता. मग नवऱ्याने त्यांना वाढदिवसाला मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला अन् स्वतः ऑफिसला निघून गेला. तो अजून ऑफिसमध्येच असतो.

कोणी म्हणेल पुण्या-मुंबईतही लोक नको ते मागवतात, त्यात काय एवढं. मागवत असतील, पण त्यांच्याकडे नागपूरची दुपार नाही ना. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आमच्या त्रिमूर्तीनगरात बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, नवतपा लागला की तर बोलूच नका. माणूस जेवलेला आहे, वरून कैरीचं पन्हं प्यायलेला आहे, कूलरसमोर आडवा पडला आहे, झोप येऊन नाही राहिली, बाहेर जायची सोय नाही अन् टीव्हीचा रिमोट आईंच्या उशीखाली. मग हातात उरते काय? आमच्या घरच्या सगळ्या ऑर्डरी काढून पाहा, दीड ते चारच्या मधल्या आहेत. संध्याकाळी ऊन उतरलं की बाबा एकदम शहाण्या माणसासारखे वागतात, मलाच विचारतात, "बेटा, हे कायले मागवलं असेल मी?"

सगळ्यात गाजलेली ऑर्डर मिनी कूलरची. आता आम्ही राहतो कुठे ते आठवा. इथे मार्च संपत आला की घराघराच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर चढतो, नव्या ताट्या येतात, वाळ्याचा वास सुटतो, अन् कूलर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा भाव नवरदेवापेक्षा जास्त असतो. अशा शहरात, त्याच कूलरचा वारा अंगावर घेत, बाबांनी दुसरा कूलर मागवला. फोटोत एक बाई डोळे मिटून बसलेली, केस उडताहेत, मागे बर्फाचे डोंगर, खाली लाल अक्षरात 'फक्त २ शिल्लक' अन् शेजारी उलटं चालणारं घड्याळ. किंमत ४,९९९ कापून ८९९. बाबा म्हणाले, चार हजार शंभर वाचले. ते वाचलेले चार हजार शंभर कुठे आहेत हे आई अजून विचारतात.

आला तो हातात मावेल एवढा डबा. पाणी टाकायची जागा कपभर. डबा उघडल्याबरोबर बाबांच्यातला वीज मंडळाचा माणूस जागा झाला, ऑर्डर देताना नेमका तोच झोपलेला असतो. चष्मा लावून मागचं लेबल वाचलं, ५ व्होल्ट, २ अँपियर. "म्हणजे १० वॅट," म्हणाले अन् जरा वेळ गप्प बसले. मग आम्हाला समोर बसवून कूलरचं शास्त्र सांगितलं. विदर्भातली कोरडी हवा ओल्या ताटीतून आत येते, पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते अन् हवा गार होते, पण त्याला पाणी भरपूर लागते, हवा बाहेरची लागते अन् आतली जायला वाट लागते, खोली बंद करून हाच उद्योग केला तर नुसती चिकचिक होते, म्हणून तर पावसाळ्यात कूलर नकोसा होतो अन् मुंबईच्या दमट हवेत त्याचं काही चालत नाही. आता कपभर पाण्याने अन् १० वॅटमध्ये काय होणार? इतकं मुद्देसूद की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी विचारलं, "बाबा, हे सगळं तुम्हाला मागवायच्या आधी माहीत होतं?"

"हव," बाबा म्हणाले. "नोकरीला लागायच्या आधीपासून."

आईंनी तो मिनी कूलर उचलला अन् मोठ्या कूलरसमोर नेऊन ठेवला. "त्याले गरम होऊन राहिलं असेल," म्हणाल्या.

मग माझं काम सुरू होते. ॲप उघडा, ऑर्डर शोधा, रिटर्न दाबा, अन् ते विचारते, रिटर्नचं कारण निवडा. वस्तू खराब आहे. चुकीची वस्तू आली. साइज बसत नाही. उशिरा आली. आता गरज नाही. अरे, यात खरं कारण कुठे आहे? 'दुपारी झोप येत नव्हती' हे का नाही देत? 'घड्याळ उलटं चाललं होतं म्हणून घाबरलो' हे का नाही? 'समोरच्या काकांनी मागवलं म्हणून'? शेवटी मी 'साइज बसत नाही' निवडलं, खोटं नव्हतंच ते, आमच्या खिडकीत तो कुठे बसतो. पुढे लिहून आलं, बिघाड दिसेल असा फोटो टाका. बाबा शेजारीच उभे होते. "माझा काढ," म्हणाले.

बाबांना काही कळत नाही असा गैरसमज करून घेऊ नका, घरात सगळ्यात जास्त कळते ते त्यांनाच. सरकारी कागद दिसला की वाचल्याशिवाय सोडत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, म्हणजे ॲपवाले लोकांना बटण दाबायला लावायच्या ज्या युक्त्या करतात त्या बंद करा म्हणून, त्यात १३ प्रकार दिलेले आहेत. बाबांनी त्याची प्रिंट आणून पेन्सिलने खुणा केल्या. खोटीच 'संपत आलं, संपत आलं' अशी घाई करणं हा एक नंबर. न विचारता कार्टमध्ये विमा नाहीतर देणगी सरकवणं हा दोन नंबर. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असल्या बटणावर बोट ठेवायला लावून माणसाला लाजवणं तीन नंबर. आधी स्वस्त दाखवून शेवटच्या पानापर्यंत चार्ज वाढवत नेणं, तेही आहे त्यात. आता बाबा दुपारी फोन घेऊन पडतात अन् मधेच ओरडतात, "बेटा, पाह्य! एक नंबर! चक्क एक नंबर करून राहिले हे लोक!" मी किचनमधून हो हो म्हणते, मला वाटते चला, सुधारले. दोन दिवसांनी पार्सल येते. "पण मी प्रकार ओळखला होता," बाबा म्हणतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला आहे, ज्या मॅग्नेटने लावला तो मॅग्नेट पण मागवलेला, बाराचा सेट होता, अकरा निघाले.

बाकीचं पटकन सांगते. चौदा कामं करणारं भाजी कापायचं यंत्र, जे धुण्यात विळीवर तीन भाज्या चिरून होतात. कारचा व्हॅक्युम क्लीनर. आमच्याकडे स्कूटर आहे.

निळ्या गुलाबाच्या बियांचं मात्र सांगावंच लागेल. गुलाबाच्या झाडात निळ्या रंगाचं द्रव्य तयारच होत नाही, जपानच्या सनटोरी कंपनीने बाहेरून जीन घालून वर्षानुवर्षं खटपट केली तेव्हा कुठे २००९ मध्ये तसा गुलाब विकायला काढला, अन् तोही बघाल तर जांभळटच. हे मी बाबांना वाचून दाखवलं, पण तोवर बिया गच्चीवर कुंडीत पडून त्यांना पाणी पण घालून झालं होतं. बाबांनी त्यांच्यावर हिरवी जाळी टाकली, संध्याकाळी जाऊन त्यांच्याशी बोलायचे. उगवलं काहीतरी, जोमात उगवलं. आईंनी एक पान तोडून चोळलं, वास घेतला अन् म्हणाल्या, "चवळाई आहे." दुसऱ्या दिवशी लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाकरीसोबत निळा गुलाब खाल्ला. ही आमची एकमेव ऑर्डर जी रिटर्न करायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

आता प्रश्न असा की बाबा आधी असे नव्हते. आधी काही घ्यायचं म्हटलं की बर्डीवर जावं लागायचं. म्हणजे आधी ऊन उतरायची वाट पाहा, मग गाडी लावायला जागा शोधा, मेन रोडच्या गर्दीत घुसा, दुकानदाराशी बोला, अन् सोबत आई. एवढ्यातून पार होऊन जी वस्तू घरात यायची ती लागणारीच असायची. अमेझॉनला अमेरिकेत १९९९ मध्ये एका क्लिकमध्ये खरेदी करायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं होतं म्हणतात, म्हणजे मधल्या सगळ्या भानगडी काढून टाकणं हाच तो शोध. त्या मधल्या भानगडीत आमच्या आई होत्या हो.

बाबा तसे सावध आहेत, कॅश ऑन डिलिव्हरीच घेतात, वस्तू पाहिल्याशिवाय पैसा नाही म्हणतात. पण दुपारी दोनला दारात पोरगा उभा असतो, डोक्यापासून दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसतात, पाठीवर डोंगराएवढी बॅग. बाबा आधी त्याला आत घेतात, माठातलं पाणी देतात, मग पन्हं, मग कुठला तू, काटोलचा का, कोणाकडला, घरी संत्र्याची झाडं आहेत का, मृग बहार धरता की आंबिया. एवढं झाल्यावर त्याला 'नको, घेऊन जा' कोण म्हणेल? "उन्हातान्हाचं पोरगं आलं, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं," बाबा म्हणतात अन् पैसे मोजतात. खरं सांगू का, यावर मला काही बोलता येत नाही.

पण रिटर्नच्या दिवशीही हेच. मिनी कूलर मी डब्यात घालून, टेप मारून दाराजवळ ठेवला अन् बाबांना तीनतीनदा सांगून कामावर गेले. पिकअपवाला आला. पन्हं झालं. तो उमरेडचा निघाला, त्याच्या मामाला बाबा नोकरीपासून ओळखत होते, मग काय, कोळशाच्या खाणीपासून वीजबिलापर्यंत गप्पा झाल्या. नियमाप्रमाणे त्याने वस्तू चालू करून पाहायला मागितली, बाबांनी टेप फाडला, कूलर लावला, तो पोरगा त्याच्यासमोर नाक नेऊन बसला. आता तो सकाळपासून उन्हात फिरून राहिलेला, त्याला फुंकर मारली असती तरी गार वाटलं असतं. "काका," तो म्हणाला, "मस्त आहे ना हा. कायले परत करून राहिले?"

संध्याकाळी घरी आले तर मिनी कूलर टीव्हीशेजारी सुरू होता अन् बाबांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते प्रमोशनच्या फोटोतही नाही. "एक्स्पर्टने पाहून सांगितलं," म्हणाले. माझ्या मोबाइलवर मेसेज होता, ग्राहकाने रिटर्न रद्द केला आहे.

यातून काही शिकल्या असतील तर त्या आई. मागच्या आठवड्यात मोठ्या कूलरचा पाण्याचा पंप गेला. बाबा फोन उचलणार इतक्यात आईंनी तो ओढून घेतला, माझ्याकडून पंप शोधून कार्टमध्ये टाकून घेतला अन् म्हणाल्या, आता बंद कर. पैसे नको भरू. रात्री फोन वाजला, तुमच्या कार्टमध्ये काहीतरी राहून गेलं आहे. आई खुदकन हसल्या. "पाह्य, दुकानदार हाक मारून राहिला. पहिल्या हाकेले वळायचं नसते." इतवारीत त्यांनी आयुष्यभर हेच केलं, भाव सांगितला, मान उडवली, पायरी उतरली, मागून हाक आली तरी चालत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तुमच्यासाठी ५ टक्के सूट. बाबांनी कपाळावर हात मारला, म्हणाले हे तेरा प्रकारात कुठे बसते ते पाहावं लागेल.

सध्या परिस्थिती अशी आहे. पंप बंद, ताट्या कोरड्या ठक्क, मोठा कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला आहे अन् घरात सगळे घामाने चिंब. चौकातल्या मिस्त्रीच्या टपरीवर तसाच पंप टांगलेला मला रोज येता-जाता दिसतो, पण आणायचं नाव काढायची हिंमत नाही. बाबा मिनी कूलरसमोर तोंड करून बसले आहेत, पाळी-पाळीने आम्हालाही बसू देतात. आईंच्या हिशोबाने आत्ता फक्त दुसरी हाक झाली आहे.