छातीत कळ आल्यावर पोटॅशियम घेऊ नका

‘छातीत कळ आली की पोटॅशियमची पावडर पाण्यातून घ्या, ठोके स्थिर होतात. पोटॅशियम जितकं जास्त, तितकं हृदय सुरक्षित,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो पाळला तर जीव जाऊ शकतो. त्यामागचे दावे एकेक पाहू.

‘हार्ट अटॅकमध्ये हृदयाला पोटॅशियम कमी पडतं.’ रक्तपुरवठा तुटलेल्या भागात घडतं ते नेमकं उलट. स्नायूपेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४० मिलिमोल प्रति लिटर असतं, बाहेर ४ च्या आसपास. या फरकामुळेच दोन ठोक्यांच्या मधे पेशी उणे ८५ ते ९० मिलिव्होल्टवर असते. रक्त थांबलं की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घटतं; एरवी त्यामुळे बंद राहणाऱ्या पोटॅशियमच्या वाहिन्या (पेशीच्या आवरणातल्या वाटा) उघडतात आणि पोटॅशियम पेशीबाहेर पडतं. ते वाहून न्यायला रक्तच नसतं, म्हणून तिथंच साचतं. दहाएक मिनिटांत त्या भागातली पातळी १० च्या वर जाऊ शकते. हातातून काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट मात्र तेव्हाही नेहमीसारखा, समजा ४.२, दाखवू शकतो. पेशी उणे ६० कडे सरकते, सोडियमच्या वाहिन्या निष्क्रिय होतात, विद्युतलहर रेंगाळते, कुठे अडते. शेजारच्या निरोगी भागात ती नेहमीच्या वेगानं धावत असते. या विषमतेत लहर वळसा घालून परत फिरते आणि व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन सुरू होऊ शकतं, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. पहिल्या काही मिनिटांतले बरेच मृत्यू असे होतात.

‘जास्त तितकं चांगलं.’ ओपन हार्ट शस्त्रक्रियेत हृदय मुद्दाम थांबवायला जे द्रावण देतात, त्यात पोटॅशियम साधारण १५ ते २० मिलिमोल प्रति लिटर असतं. एवढं एकच उदाहरण पुरेसं आहे. रक्तातलं पोटॅशियम चढत गेलं की ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखात, आधी टी लहर टोकदार होते, मग पी लहर सपाट होते, ठोक्याचा मुख्य भाग असलेला क्यूआरएस रुंदावतो. हा क्रम प्रत्येकात दिसेलच असं नाही. काहींत थेट हृदय थांबतं. २०१२ मध्ये हार्ट अटॅकच्या ३८,६८९ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वात कमी मृत्यू ३.५ ते ४.५ या पट्ट्यात होते, ४.५ च्या वर ते वाढत गेले.

संदेशात खरं इतकंच, की पोटॅशियम कमी असणंही घातक आहे. ३.५ च्या खाली ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबतं, यू नावाची जादा लहर दिसते, अटॅकमध्ये फिब्रिलेशनचा धोका वाढतो. पण वेदनेच्या ताणात उसळलेलं ॲड्रिनलिन पोटॅशियम पेशींत ढकलतं, त्यामुळे सुरुवातीचा आकडा तात्पुरता घसरलेला असू शकतो. म्हणून पुन्हा तपासावं लागतं, मॅग्नेशियमही पाहावं लागतं. शिरेतून द्यायचं झालं तर साधारण तासाला १० मिलिमोल, जास्त वेग फक्त मॉनिटरवर. एकदम टोचणं कधीच नाही.

‘पावडर लगेच काम करते.’ आतड्यातून शोषायला वेळ लागतो, आणि बंद रक्तवाहिनीच्या पलीकडे ती पोचतच नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवू शकणारी औषधं सुरू असतील, तर उरलेल्या शरीरात मात्र ती साचते. कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, हे अशा रुग्णांनी लक्षात ठेवावं.

कळ आली तर बसा, रुग्णवाहिका बोलवा, पोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी होईल अशा ठिकाणी जा. बंद रक्तवाहिनी उघडली की साचलेलं पोटॅशियम रक्तच धुऊन नेतं.