कांद्याची निर्यातबंदी: फिरणाऱ्या मजकुरातलं एकेक विधान तपासून

कांदा महागला की एक मजकूर हटकून फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: निर्यात थांबवली म्हणून कांदा आवाक्यात राहतो, शेतकऱ्याचा माल नाफेड (केंद्रासाठी शेतमाल खरेदी करणारी सहकारी संस्था) घेतंच, भाव नसेल तर त्याने चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवावा, बंदी चार दिवसांची असते, आणि ओरड असते ती फक्त व्यापाऱ्यांची. २०२३ ते २०२५ या काळात जे निर्णय झाले, त्यांच्यापुढे यातलं एकही विधान टिकत नाही.

"माल देशात राहिला की कांदा स्वस्त होतो"

घाऊक भाव पडतो, हे मान्यच आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी लागू झाली आणि नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या मोठ्या कांदा बाजारात भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आला. पण डिसेंबरात बाजारात असतो तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाणी जास्त, मान जाड. काही आठवड्यांतच तो नरम पडतो किंवा कोंब धरतो. शहरात टंचाई भासते साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात, चाळीतला उन्हाळ कांदा (उन्हाळ्यात निघणारा, साठवता येणारा) संपत आलेला असतो आणि पावसामुळे लाल लांबलेला असतो तेव्हा. डिसेंबरात अडवलेला लाल कांदा पुढच्या सप्टेंबरापर्यंत टिकतच नाही, मग तो ही तूट भरणार कसा? आवक वाढली की भाव तसाही उतरतो. बंदी त्याला आणखी खाली ढकलते, एवढंच.

"नाफेड घेतंच की"

२०२३-२४ मध्ये सरकारी राखीव साठ्याचं उद्दिष्ट ३ लाखांवरून ५ आणि पुढे ७ लाख टनांवर नेलं गेलं. देशाचं त्या वर्षीचं उत्पादन सुमारे २४२ लाख टन. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झालं असं धरलं तरी खरेदी तीन टक्क्यांच्या आतच. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेला २,४१० रुपये क्विंटलचा दर या छोट्या हिश्श्यापुरता होता, आणि तोही निवडक मालाला: सुका, ठरावीक आकाराचा, कोंब न आलेला. उरलेला कांदा लिलावातच जातो. शिवाय राखीव साठ्यातला कांदा त्याच महिन्यात शहरांत २५ रुपये किलोने विकायला काढला गेला. शेतकऱ्याला आधार म्हणून घेतलेला माल त्याच्याच मालासमोर उभा राहिला.

"चाळीत ठेवा, भाव आला की विका"

सल्ला देणाऱ्याने चाळीचं गणित मांडून बघावं. उन्हाळ कांदा टिकवायचा तर काम काढणीच्या आधीच सुरू होतं: शेवटचं पाणी दोन-तीन आठवडे आधी तोडायचं, नत्राचा हप्ता उशिरा द्यायचा नाही, काढल्यावर पातीसकट शेतात सुकवायचा, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत आणखी दहा-बारा दिवस ठेवायचा. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला हवा, थराची उंची चार-पाच फुटांच्या वर नको. नाहीतर खालचा कांदा दबून सडतो आणि शेजारच्याला घेऊन जातो. हे सगळं नीट केलं तरी पाच महिन्यांत वजन घटणं, कोंब आणि सड मिळून ३० टक्क्यांपर्यंत घट सहज येते.

आता हिशोब. एप्रिलमध्ये १०० क्विंटल कांदा १,२०० रुपयांनी विकला तर १ लाख २० हजार मिळतात. सप्टेंबरात हाती ७० क्विंटल उरले, तर तेवढेच पैसे यायला भाव १,७१४ हवा. निवडीची मजुरी, बारदान आणि कर्जाचं व्याज वेगळंच. पाच महिने जोखीम घेतलेला शेतकरी ज्या आठवड्यांत माल बाहेर काढतो, नेमका तेव्हाच, १९ ऑगस्ट २०२३ ला, ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. त्या वेळी 'आणखी ठेवा' म्हणणं म्हणजे सडायला ठेवा म्हणणंच आहे.

"बंदी तात्पुरती असते"

तारखा बघा. ऑगस्टमध्ये शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही. डिसेंबरात बंदी, ३१ मार्चपर्यंत; मार्चमध्ये ती बेमुदत वाढवली. ४ मे २०२४ ला उठली, तेव्हा नाशिक आणि दिंडोरी या कांदापट्ट्यातल्या लोकसभा मतदारसंघांचं मतदान २० मे रोजी होतं. आणि उठली म्हणजे काय? किमान मूल्य ५५० डॉलर, त्यावर ४० टक्के शुल्क, म्हणजे २२० डॉलर. एकूण ७७० डॉलर टन, तेव्हाच्या विनिमय दराने किलोला सुमारे ६४ रुपये, आणि जहाजाचं भाडं त्यावर. दार उघडलं, पण उंबरठा छातीएवढा. १३ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला. शुल्क, किमान मूल्य, बंदी असा एक ना एक अडथळा चार दिवस नव्हे, साडेएकोणीस महिने.

तोवर परदेशी ग्राहक थांबत नाही. १४ सप्टेंबर २०२० ला अचानक बंदी आली, तेव्हा बांगलादेशाकडे निघालेले ट्रक सीमेवर अडकले आणि कांदा ट्रकमध्येच सडू लागला. ढाक्याने म्यानमार, पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्तकडे खरेदी वळवली आणि स्वतःची लागवड वाढवण्यावर भर दिला. गेलेलं गिऱ्हाईक अधिसूचना मागे घेतली म्हणून परत येत नाही.

"ओरड व्यापाऱ्यांची"

निर्यातदार तोटा स्वतःच्या खिशातून भरत नाही. उद्या कंटेनर न्हावा शेवा बंदरात अडकू शकतो, ही भीती तो आजच्या बोलीतून वजा करतो. बोली कमी झाली की ती कापली जाते ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून.

शहरातल्या ग्राहकाची अडचण खोटी नाही, आणि सरकारने हस्तक्षेपच करू नये असंही नाही. पण नियम लागवडीआधी सांगा. उन्हाळ कांद्याची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकली जातात. कोणत्या घाऊक भावाला किती शुल्क लागेल, याचा तक्ता तेव्हाच जाहीर व्हावा. नवा आदेश निघाला तर वाटेतल्या ट्रकांना आणि सौदा होऊन बिल झालेल्या मालाला सूट मिळावी. आणि राखीव साठ्यातला कांदा लाल कांद्याची आवक सुरू होण्याआधीच विकून संपवावा.