डिरेक्टरी म्हणजे पासवर्डची वही नव्हे

‘डिरेक्टरी सर्व्हिस म्हणजे पासवर्डची वही, छोट्या ऑफिसला ती नकोच, क्लाउड आल्यावर तिचे कामच संपले, शिवाय तो एक सर्व्हर बसला की सगळे ऑफिस ठप्प’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. ऑफिसचे नेटवर्क सांभाळणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे, त्यावर विसंबून कोणी निर्णय घेऊ नये असे मला कळकळीने वाटते.

पासवर्डची वही हे वर्णनच मुळात चुकीचे आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरी सर्व्हिसमध्ये माणसांबरोबर संगणक, प्रिंटर आणि गट यांचीही नोंद असते आणि कोणत्या गटाला काय करता येईल हे तिथूनच ठरते. पेन ड्राइव्ह बंद करायचा असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या संगणकांना एका ठिकाणाहून लागू होणाऱ्या नियमांत, एकदा बदल करावा लागतो आणि साधारण ९० मिनिटांपासून दोन तासांच्या आत तो चालू असलेल्या प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचतो. लॉगिनच्या वेळी ओळख पटवण्याच्या कर्बेरॉस पद्धतीत पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. मिळते ते मुदतीचे तिकीट, जे नेहमीच्या मांडणीत दहा तास चालते.

छोट्या ऑफिसबद्दलचे म्हणणे पाच संगणकांपुरते मला मान्य आहे. त्यापुढे मात्र वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डिरेक्टरीशिवाय जोडलेल्या संगणकांत, प्रत्येक संगणकाची खात्यांची यादी वेगळी असते, याचा त्रास सुरू होतो. आमच्या एका जुन्या ऑफिसात २२ संगणक होते. अकाउंट्समधला एक सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा एकेका संगणकापाशी बसून त्याचे खाते काढण्यात दोन दिवस गेले, आणि तरीही स्टोअरमधला संगणक राहूनच गेला. तिथले त्याचे खाते दिवाळीच्या साफसफाईत, पासवर्डासह, चालू स्थितीत सापडले. डिरेक्टरीत हेच खाते एका ठिकाणी बंद करता येते. आधी दिलेले तिकीट मुदत संपेपर्यंत काही ठिकाणी चालू शकते, म्हणून त्या दिवशी त्याचा संगणकही लॉग ऑफ करून घ्यावा, एवढे पथ्य पाळायचे.

क्लाउडने डिरेक्टरी संपवली, हे तर उलटेच आहे. मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची एन्ट्रा आयडी, जिचे नाव २०२३ पर्यंत अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होते, ही स्वतःच डिरेक्टरी सेवा आहे. परवान्याचा खर्च परवडत नसेल, तर डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या सांबा ४.० या मोफत सॉफ्टवेअरपासून लिनक्सवरही ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारा सर्व्हर, उभा करता येतो.

राहिला सर्व्हर बसण्याचा मुद्दा. डोमेन कंट्रोलर एकच ठेवणे ही मांडणीतली चूक आहे. निदान दोन असले तर नोंदी परस्परांकडे जात राहतात, एक बंद पडल्यास संगणक डीएनएसला, म्हणजे नावावरून नेटवर्कवरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारून दुसरा शोधतात, आणि दोन्ही गेले तरी आधी लॉगिन केलेल्या माणसाला विंडोज साठवलेल्या माहितीवर आपल्या संगणकात शिरू देते. खरा धोका वेगळा आहे आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. जून २०१७ मध्ये नोटपेट्या या मालवेअरने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर पुसून टाकले. प्रत्येकाची प्रत दुसऱ्याकडे होती, पण सगळे एकाच वेळी गेल्यामुळे तिचा उपयोग झाला नाही. वीज गेल्यामुळे नेटवर्कबाहेर राहिलेला घानातला एक कंट्रोलर तेवढा वाचला आणि त्याच्यावरूनच पुढची उभारणी झाली. म्हणूनच दोन कंट्रोलरांखेरीज तिसरी प्रत, नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर, मी दर शुक्रवारी काढून कपाटात कुलूपबंद ठेवतो.