टेबल बाजूला ठेवा, रविवारी डर्बी आहे

रविवारी मँचेस्टर डर्बी आहे, म्हणजे एकाच शहरातल्या युनायटेड (लाल) आणि सिटी (निळे) या दोन फुटबॉल टीमची मॅच, आणि दर वेळेसारखं कोणीतरी येऊन विचारणारच की अरे तुम्ही युनायटेडवाले कसल्या जोरावर एवढे नाचताय, २०१३ नंतर एक लीग नाही, सिटी कुठे आणि तुम्ही कुठे. गंमत म्हणजे हा प्रश्न सिटीवाला सहसा विचारतच नाही. विचारतो तो तिसराच कोणीतरी, लिव्हरपूलचा नाहीतर आर्सेनलचा, किंवा चार वर्षांतून एकदा वर्ल्ड कप बघणारा. सिटीवाला विचारत नाही कारण त्याचीही झोप उडालेली असते. कमेंटमध्ये तेच तेच उत्तर देऊन कंटाळा आलाय म्हणून आज एकदाच सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे की डर्बीचा हिशोब लीगच्या टेबलात होत नाही, त्याची वही वेगळी आहे. आणि हे मी हरणाऱ्या टीमचा फॅन म्हणून मन रमवायला म्हणत नाहीये, दोन्ही बाजूंचा इतिहास काढून बघा.

७ एप्रिल २०१८ आठवा. एतिहाद, सिटीचं मैदान. सिटी जिंकली असती तर त्याच दिवशी, सहा मॅच बाकी असताना, लीग त्यांची झाली असती आणि तीही आमच्या समोर. हाफटाइमला २-०, कोंपनी आणि गुंडोआन, खरं तर चार-पाच व्हायला हवे होते इतके चान्स त्यांनी घालवले. स्टेडियममध्ये पार्टी सुरू झालेली. आणि मग आमचा पोग्बा, दोन मिनिटांत दोन गोल, आणि थोड्या वेळाने फ्री किकवर स्मॉलिंग, तोच स्मॉलिंग ज्याच्याकडून कोंपनी निसटला होता पहिल्या गोलला. ३-२. आता टेबलच्या भाषेत याची किंमत काय? आठवडाभर. १५ एप्रिलला आम्ही घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमकडून १-० हरलो, वेस्ट ब्रॉम तेव्हा तळाला होती, आणि सिटी मॅच न खेळताच चॅम्पियन झाली. शेवटी त्यांचे १०० पॉइंट, आमचे ८१. म्हणजे कागदावर त्या ३-२ ने काहीही बदललं नाही. पण कुठल्याही युनायटेडवाल्याला विचारा २०१७-१८ चं काय आठवतं, तो ८१ पॉइंट सांगणार नाही, तो तुम्हाला पोग्बाचे निळे केस सांगेल. आणि सिटीवाल्याला १०० पॉइंटबद्दल विचारा, तो अभिमानाने सांगेल, सांगायलाच हवं, पण तो दिवस काढलात की एक सेकंद त्याचा चेहरा बदलतो. मी पाहिलाय तो बदलताना.

आता उलट बाजू. २७ एप्रिल १९७४, आमचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. डेनिस लॉ, ज्याने युनायटेडसाठी २३७ गोल केले, जो आमचा ‘किंग’, तो त्या सीझनला सिटीकडे गेला होता आणि ८१ व्या मिनिटाला त्याने टाचेने बॉल आमच्या गोलमध्ये ढकलला. युनायटेड खालच्या लीगमध्ये, सेकंड डिव्हिजनमध्ये गेली. खरं तर इतर निकाल असे लागले होते की तो गोल झाला नसता तरी आम्ही गेलोच असतो, म्हणजे हिशोबाने त्या गोलचाही उपयोग शून्य. तरी पन्नास वर्षं लोक त्याच गोलबद्दल बोलतायत. लॉने हातही वर केला नाही, तसाच मान खाली घालून चालत राहिला आणि त्याला लगेच बाहेर घेतलं. त्याची ती शेवटची लीग मॅच ठरली. प्रेक्षक मैदानात घुसले, मॅच मध्येच थांबवावी लागली, निकाल तोच कायम राहिला. जानेवारी २०२५ मध्ये लॉ गेला तेव्हा दोन्ही क्लब हळहळले, कारण तो दोन्हीकडचा होता. असा माणूस दुसऱ्या कुठल्या मॅचमधून मिळतो सांगा.

हो, कधी कधी दोन्ही वह्या एक होतात हे मान्य. २३ ऑक्टोबर २०११ ला सिटीने आम्हाला घातलेला ६-१. मला अजूनही त्या मॅचचे हायलाइट्स पूर्ण बघवत नाहीत. ८९ व्या मिनिटापर्यंत ३-१ होता, आमच्या इव्हान्सला रेड कार्ड मिळून दहा जण उरलेले, आणि अशा वेळी शहाणा माणूस मागे बसतो ना, पण आमचे पोरं पुढे धावत राहिले, आणखी गोल काढायला, आणि शेवटच्या काही मिनिटांत तीन खाल्ले. मे महिन्यात दोघांचे ८९-८९ पॉइंट झाले आणि सिटीने गोल डिफरन्सवर (केलेले वजा खाल्लेले गोल) लीग नेली, +६४ आणि +५६. त्या शेवटच्या तीन गोलांचं काय वाटत असेल विचार करा. मध्ये ३० एप्रिलला कोंपनीच्या हेडरने १-० आणि झालंच. पण तरीही सांगतो, मागे न बसता पुढे धावलेल्या त्या टीमचा मला राग येत नाही. डर्बीत ३-१ मागे असताना घड्याळ बघत बसणारी युनायटेड मला नकोय.

टेबलला खोटं पाडणारी डर्बी २०२४ मध्ये तर दोनदा झाली. आम्ही लीगमध्ये आठवे, सिटी चॅम्पियन, आणि २५ मे ला वेम्बलीवर एफए कप फायनल. कोणी आमच्यावर पैज लावायला तयार नव्हतं. आमचे गार्नाचो आणि मेनू, २-१ ने जिंकलो. मेनू १९ वर्षांचा होता तेव्हा! आणि डिसेंबरमध्ये परत एतिहादवर, ८८ मिनिटांपर्यंत १-० मागे, आमच्या ब्रूनोची पेनल्टी आणि नव्वदाव्या मिनिटाला अमाद, परत २-१. त्या सीझनला आम्ही १५ वे आलो, पंधरावे, प्रीमियर लीगच्या काळातला आमचा सगळ्यात वाईट नंबर. इतक्या भिकार सीझनमध्येसुद्धा ती संध्याकाळ आमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून जो म्हणतो ना की फॉर्म नाही तर कसली एक्साइटमेंट, त्याला माझं सांगणं आहे की फॉर्म नसलेल्या टीमच्या फॅनलाच डर्बीची जास्त गरज असते.

अर्थात रोज असं होत नाही. ऑक्टोबर २०२२ ला ६-३ ने हरलो, सिटीच्या हालँड आणि फोडन दोघांची हॅटट्रिक, आमचे शेवटचे दोन गोल निव्वळ लाज राखायला. सिटीवाल्यांना खोटं पाडायला मी हे लपवणार नाही. वाट बघण्यात भीती असते ती याचीच. खरं सांगू का, डर्बीच्या आठवड्यात जिंकायची इच्छा अर्धीच असते, उरलेली अर्धी हरायची भीती असते. बुधवारपर्यंत सगळे शेर, मग प्रेस कॉन्फरन्स येते, कोणाचं हॅमस्ट्रिंग, कोणाला ‘लेट फिटनेस टेस्ट’, आणि डोक्यात एकच पिक्चर चालू होतो की क्रॉस येतोय आणि हालँड आपल्या सेंटर बॅकच्या मागून निघालाय. टीम शीट येईपर्यंत माणूस शंभर वेळा मॅच खेळून झालेला असतो. हे लिव्हरपूल विरुद्धही होतं, तो सामना मोठाच आहे, पण लिव्हरपूलवाला दुसऱ्या शहरात राहतो. मँचेस्टरच्या माणसाला सोमवारी सकाळी ऑफिसमध्ये, शाळेच्या गेटवर, घरात जेवणाच्या टेबलावर तोच चेहरा बघायचाय. फोडन पण स्टॉकपोर्टचा आणि मेनू पण स्टॉकपोर्टचा, एवढं जवळचं आहे ते. आपण इथे दूर बसून बघणारे, पण आपल्याही ग्रुपमध्ये, घरात एक निळा असतोच ना. माझ्या जवळच्या मित्रांपैकी एक पक्का सिटीवाला आहे, त्या आठवड्यात आम्ही एकमेकांना फोन करत नाही, भांडण म्हणून नाही, बोलायला गेलो तर आवाज कापतो म्हणून.

आणि आता जे मला खरंच मनापासून सांगायचंय ते. शेजारी आहे म्हणून तो शत्रू नाही. १८८१ मध्ये हे दोघं पहिल्यांदा खेळले तेव्हा एक रेल्वे कामगारांची टीम होती, न्यूटन हीथ, आणि दुसरी गॉर्टनच्या सेंट मार्क्स चर्चची. ज्या मॅट बस्बीने आजची युनायटेड उभी केली तो खेळाडू म्हणून सिटीचा होता, १९३४ ला त्यांच्याबरोबर एफए कप जिंकलेला. महायुद्धात १९४१ ला ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले तेव्हा आम्हाला आसरा कोणी दिला? सिटीने. १९४९ पर्यंत आमच्या घरच्या मॅचेस त्यांच्या तेव्हाच्या मैदानावर, मेन रोडवर झाल्या. हे आपल्यातल्या कितीतरी पोरांना माहीतच नाही आणि ते रात्रंदिवस ‘सिटीला इतिहास नाही’ टाइप करत असतात. अरे तुझ्या स्वतःच्या इतिहासाचा एक तुकडा त्यांच्या घरात घडलाय.

म्युनिकच्या विमान अपघाताबद्दल तर हात जोडून सांगतो. ६ फेब्रुवारी १९५८ ला २३ माणसं गेली, त्यात आमचे आठ खेळाडू, आणि त्यातच फ्रँक स्विफ्ट, सिटीचा महान गोलकीपर, जो पत्रकार म्हणून त्या विमानात होता. त्यावर गाणी रचणारा आणि हात पसरून विमान करून दाखवणारा सिटीवाला स्वतःच्याच माणसावर हसतोय. १० फेब्रुवारी २००८ ला, पन्नास वर्षं झाल्यावर, नेमकी ओल्ड ट्रॅफर्डवर डर्बी आली. सगळ्यांना धास्ती होती की मौन पाळताना सिटीचे लोक गोंधळ घालणार. स्पॉन्सर नसलेले जुन्या पद्धतीचे शर्ट, पूर्ण स्टेडियम, आणि तीन हजार सिटीवाल्यांपैकी एकानेही ते मौन मोडलं नाही. मॅच त्यांनी २-१ ने जिंकली. आम्ही हरलो आणि तरी ती माझ्यासाठी सगळ्यात मोठ्या डर्बींपैकी एक आहे.

तेव्हा या आठवड्यात आपल्या बाजूच्यांनीही भान ठेवा. खेळाडूंच्या बायका-पोरांच्या प्रोफाइलवर जाऊन घाण लिहू नका. सिटीवर आर्थिक नियम मोडल्याच्या आरोपांचं ते ११५ चार्जेसचं प्रकरण वकिलांना बघू द्या, प्रत्येक कमेंटखाली चिकटवू नका, त्याने आपला एकही पास नीट जाणार नाहीये. चिडवायचंय ना, भरपूर चिडवा, ओवेनचा २००९ चा सहाव्या एक्स्ट्रा मिनिटातला गोल आहे ४-३ वाला, रूनीची २०११ ची बायसिकल किक आहे, एवढा माल असताना घाणीची गरजच काय. ते पण ६-१ काढतील, काढू दे, तो त्यांचा हक्क आहे.

आणि स्कोअरचं विचाराल तर मी सुंदर फुटबॉल मागत नाहीये. बॉल सत्तर टक्के त्यांच्याकडे राहू दे, पोस्टला दोनदा लागू दे, फक्त पहिली वीस मिनिटं गोल खाऊ नका आणि कॉर्नरला हालँडला एकटं सोडू नका. कोणाच्या गुडघ्याला, पाठीला लागून गेलेला १-० पण चालेल. लाल वाले, तुमची टीम कमेंटमध्ये टाका, फॉर्मेशनसकट, आणि लेफ्ट बॅकला कोण ते आधी लिहा कारण माझा जीव सध्या तिथेच अडकलाय.