आंब्याचे वय ४९ वर्षे

पुनर्विकासाचे घोडे एकदाचे गंगेत न्हाले आणि आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीने कामांची वाटणी केली. बँक गॅरंटी खजिनदारांकडे गेली, करारनामा वकील असलेल्या सभासदाकडे गेला आणि पार्किंगचे भांडण नेहमीप्रमाणे अध्यक्षांकडे राहिले. शेवटी 'झाडे' हा विषय उरला. उरलेला विषय सभेला उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात पडतो, हा सहकारी चळवळीचा अलिखित उपविधी असल्यामुळे तो माझ्याकडे आला. "त्यात काय आहे, एक अर्ज द्यायचा," असे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांचे वय ८२ आहे आणि सरकारी कचेरीशी त्यांचा शेवटचा संबंध टेलिफोनसाठी नंबर लावताना आला होता.

अर्ज एकच असतो, हे खरे आहे. मात्र त्याच्या मागे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ उभा असतो. आमची इमारत १९७६ सालची, म्हणजे कायदा इमारतीपेक्षा एका वर्षाने वडील आहे आणि प्रकृतीने कितीतरी ठणठणीत आहे. या कायद्याप्रमाणे महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते, वृक्ष अधिकारी असतो आणि त्यांच्या परवानगीवाचून झाडाला हात लावता येत नाही. मग ते झाड तुमच्याच जमिनीवर, तुम्हीच लावलेले आणि तुमच्याच गाडीवर चीक गाळणारे का असेना. सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे चोवीस कुटुंबांची राहती इमारत जमीनदोस्त करायला तेरा सह्या लागतात आणि कोपऱ्यातल्या सुबाभळीला, जिच्याशी एकाही सभासदाचे कधी पटले नाही, संपूर्ण प्राधिकरणाची बैठक लागते. हे प्रमाण उलटे आहे असे बिल्डरचे मत आहे. इमारतीच्या गच्चीची गळती पाहता ते बरोबर आहे, असे माझे मत आहे.

पहिले काम झाडांची यादी करण्याचे होते आणि ते मला फारच सोपे वाटले, कारण मी त्या झाडांखालून वर्षानुवर्षे ये-जा करत होतो. यादीची बातमी फुटताच सभासदांचे दावे येऊ लागले. एका काकूंनी आपला कढीपत्ता नोंदवायला सांगितले. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी केळीचे तीन खुंट 'फळझाडे' या सदरात घालण्याचा आग्रह धरला आणि केळ व पपई यांच्या खोडात लाकूडच नसल्याने कायद्याच्या दृष्टीने ती झाडे नव्हेत, असे मी सांगितल्यावर "मग पालिकेला खायला काय निलगिरी देणार का?" असे विचारले. शेवग्याबद्दल दोन गट पडले. शेवगा कुणी लावला यावरून नव्हे, तर आजवर शेंगा कुणी नेल्या यावरून.

पुढे उद्यान विभागाचे निरीक्षक पाहणीला आले. शांत, किडकिडीत माणूस. हातात टेप, वही आणि रंगाचा डबा. जमिनीवरची झाडे मोजून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि सी विंगच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे दुसऱ्या मजल्याच्या शौचालयाच्या पाइपाला मिठी मारून एक पिंपळ वाढला आहे. त्याची मुळे पाइपाच्या सांध्यातून आत शिरून खालच्या मजल्यावरच्या मोरीत हिरव्या लोंब्यांसारखी उतरतात आणि त्या घरातल्या वहिनी दर श्रावणात त्यांना हळदकुंकू वाहून दर भाद्रपदात प्लंबरला बोलावतात. खोड मनगटापेक्षा जाड होते. निरीक्षकांनी वहीत नोंद केली: "पिंपळ, एक. ठिकाण: सी विंग, दुसरा मजला, पाइप." इमारत पाडल्यावर हे झाड कशावर उभे राहणार, असे मी अदबीने विचारले. "त्याचं पुनर्रोपण दाखवा," ते म्हणाले. पाइपासकट की पाइपाशिवाय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

खरे गणित यानंतर सुरू झाले. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका झाडाच्या बदल्यात ठरावीक रोपे लावण्याऐवजी तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावावीत, असा नियम आला. शिवाय ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड 'हेरिटेज ट्री', म्हणजे प्राचीन वृक्ष ठरू लागले. नियम करणाऱ्यांचा हेतू उत्तम होता. जुने झाड तोडायला महाग पडावे, म्हणजे माणूस तोडण्याआधी विचार करील, असे त्यांना वाटले. माणसाने विचार केला आणि झाडाचे वय कमी केले.

झाडाचे वय सांगणे मुळात कठीणच. वर्तुळे मोजायची तर झाड आधी तोडावे लागते, आणि ते तोडायची परवानगी मिळावी म्हणूनच तर वय हवे असते. त्यातही सागासारख्या झाडात वर्षागणिक वर्तुळे नीट उमटतात. आंब्यासारख्यात तीही भरवशाची नसतात. म्हणून छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर मोजतात आणि त्या जातीच्या वाढीच्या वेगावरून अंदाज बांधतात. अंदाज म्हटला की वाटाघाटी आल्या. एकेका वर्षामागे एकेक रोप वाचत असल्याने बिल्डरचा माणूस प्रत्येक झाडाशेजारी उभा राहून, उपवर मुलीच्या मावशीच्या तळमळीने, "दिसायला थोराड आहे, पण वय नाही हो तिचं," असे सांगत होता. गुलमोहर असा तिशीवर थांबला. रेन ट्रीने मात्र त्याला दाद दिली नाही. तोडायच्या आठ झाडांच्या वयांची बेरीज २०६ झाली आणि त्या बेरजेत सर्वांत मोठा आकडा होता फाटकाजवळच्या आंब्याचा: ४९.

४९ हा आकडा आर्किटेक्टने काढला होता. इमारत १९७६ची, आंबा इमारतीबरोबर लावला असणार, तेव्हा वय ४९, असा तो सरळ हिशेब होता. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म शाळेच्या दाखल्यात १ जूनला झालेला असल्याने सोयीच्या जन्मतारखेचे आम्हाला वावडे नाही, त्यामुळे कार्यकारिणीने टाळ्या वाजवून आंब्याच्या पन्नाशीला वर्षभराची मुदतवाढ दिली. ठराव लिहून होत असतानाच तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत आल्या. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचा बंगला होता, हे सगळ्यांना माहीत होते आणि सोयीस्करपणे विसरले गेले होते.

"किती म्हणालात?" आजींनी विचारले.

"एकोणपन्नास, आजी."

"माझं लग्न अडुसष्ट साली ह्या अंगणात झालं. मांडवाची दोरी ह्याच आंब्याला बांधली होती. माझ्या सासूबाई ह्याच्याच कैऱ्यांचं लोणचं घालत होत्या. आता हा लग्नानंतर जन्मला असेल तर दोरी कशाला बांधली होती, ते मला सांगा."

एवढे बोलून त्यांनी पिशवीतून फोटो काढला. कृष्णधवल, कडा नागमोडी कापलेल्या, मागे स्टुडिओचा शिक्का. मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी, त्यांच्या मागे पितळी समई, आणि तिच्या मागे आमच्या फाटकाजवळचा आंबा, तोच डावीकडे वळलेला फाटा घेऊन, त्याच फाट्यावर कुणाचा तरी बुशशर्ट वाळत घातलेला. फोटो सभेत हातोहात फिरला. बिल्डरच्या माणसाने तो बराच वेळ न्याहाळला आणि हे दुसरेही झाड असू शकेल, अशी शंका बोलून दाखवली. मग आजींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर कायद्याच्या कोणत्याही कलमात बसणारी नव्हती, पण तिची अंमलबजावणी तात्काळ झाली.

दरम्यान झाडे तोडण्याबद्दल लोकांच्या हरकती मागवणारी जाहीर नोटीस निघाली. वृत्तपत्रात ती अशा ठिकाणी छापून आली, जिथे हरवलेली शेअर सर्टिफिकेटे आणि नाव बदललेले लोक एकमेकांना भेटतात. दुसरी प्रत झाडांवर लावायची होती. आंब्याच्या खडबडीत सालीवर गोंद धरेना म्हणून आमच्या वॉचमनने ती खिळ्याने ठोकली. या कायद्यात 'झाड तोडणे' या शब्दांच्या व्याख्येत त्याला इजा पोचवणेही येते, हे मला तोवर पाठ झाले होते, त्यामुळे झाड वाचवण्याच्या नोटिशीपायी झाडाला इजा केल्याची नोटीस येऊ नये म्हणून मी भर उन्हात स्टुलावर चढून पकडीने तो खिळा उपटला आणि नोटीस सुतळीने बांधली. रात्री बकरीने तिचा खालचा भाग, म्हणजे नेमका हरकती कुठे पाठवायच्या तो भाग, खाल्ला.

तरीही हरकती आल्याच. सर्वांत भक्कम हरकत शेजारच्या सोसायटीतून होती. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या सुमारे ४०० वर्षांच्या वडासाठी २०२० साली राष्ट्रीय महामार्गाच्या आखणीत बदल करता येतो, तर तुम्हाला एक रॅम्प सरकवता येत नाही का, असा तिचा मथितार्थ होता. मुद्दा बिनतोड होता. आमच्या रेन ट्रीची सावली त्या सोसायटीच्या चार मोटारींवर पडते ही गोष्ट त्यात लिहिलेली नव्हती, आणि लिहिण्याची गरजही नव्हती.

आता लँडस्केप प्लॅनविषयी. त्यात बागकाम फार थोडे आणि भूमितीच अधिक असते, हे मला या निमित्ताने कळले. आमच्या लँडस्केप आर्किटेक्ट बाईंनी आणलेला नकाशा पाहून मी भारावून गेलो. सगळीकडे हिरवी वर्तुळे होती, एकाच मापाची, एकाच गोलाईची. त्यात बकुळ आणि कडुनिंब यांच्यात फरक एवढाच, की एकात 'ब' लिहिले होते आणि दुसऱ्यात 'क'. मग तो नकाशा आर्किटेक्टच्या नकाशावर ठेवला, तेव्हा तीन बकुळी भूमिगत पाण्याच्या टाकीत उगवल्या होत्या, एक कदंब ट्रान्सफॉर्मरवर उभा होता आणि उरलेली सगळी रांग अग्निशमन बंबाच्या वाटेत होती. उंच इमारतीभोवती बंब फिरण्यासाठी ६ मीटर रुंदीची आणि ४५ टन वजन पेलणारी वाट लागते. ४५ टन पेलणारी जमीन कदंबाला मानवत नाही आणि कदंब बंबाला मानवत नाही. अग्निशमन दलाला मार्जिनची, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यामधली जागा मोकळी हवी, वृक्ष प्राधिकरणाला त्याच जागेत झाडे हवीत, पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डा तिथेच हवा, आणि बिल्डरला तिथे दोन मोटारी दिसतात. चौघांचेही नियम लेखी आहेत. फक्त जमीन तेवढीच आहे.

आमचा भूखंड ४,००० चौरस मीटरपेक्षा लहान, त्यामुळे १० टक्के मोकळे मैदान सोडण्याचे बंधन आमच्यावर नव्हते. "मग झाडं पोडियमवर घेऊ," असे बिल्डरने सुचवले. पोडियम म्हणजे पार्किंगचे छप्पर. त्यावर दोन फूट माती घालून वडाचे वर्तुळ काढलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. वडाला दोन फुटांत कसे भागवता येईल, असे विचारल्यावर बाई खिन्नपणे हसल्या आणि त्यांनी 'व' खोडून 'फॉक्सटेल पाम' लिहिले. देशी झाडेच लावावीत ही अट आठवताच तेही खोडले. अखेर त्या वर्तुळात काहीच न लिहिता ते तसेच हिरवे ठेवण्यात आले. मंजूर नकाशातले मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले झाड ते हेच.

आंब्याचा प्रश्न सुटला तो मात्र फोटोमुळेही नव्हे आणि हरकतीमुळेही नव्हे. प्राचीन वृक्षाच्या परवानगीला किती महिने लागतील, तेवढ्या महिन्यांचे कर्जावरचे व्याज किती होईल आणि फाटक दीड मीटर सरकवण्याचा खर्च किती येईल, याचा बिल्डरने एका संध्याकाळी कॅलक्युलेटरवर हिशेब केला आणि त्याच्या मनात निसर्गप्रेम जागे झाले. आंबा वाचला. बेरीज १५७वर आली. १५७ रोपांपैकी भूखंडावर मावतील तितकी तिथे आणि बाकीची पालिका दाखवील त्या जागी लावायची आहेत. रोपे म्हणजे पिशवीतली वीतभर काडी नव्हे; ती सहा ते आठ फूट उंचीची लागतात, त्यांची नोंद जिओ-टॅग लावून, म्हणजे नकाशावर ठिकाण पक्के करून होते आणि ती ७ वर्षे जगवावी लागतात. रोपवाटिकेत आम्ही पाहणीला गेलो, तेव्हा सर्वांत लहान 'रोप' अध्यक्षांपेक्षा हातभर उंच होते. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावून पाहिला आणि ते मुलासारखे खूश झाले. परत आल्यावर त्यांनी ७ वर्षांच्या हमीपत्रावर सही केली, ती करताना मोठ्याने ८२ आणि ७ यांची बेरीज केली आणि हमीदार म्हणून खाली माझेही नाव घालायला लावले.

मागच्या आठवड्यात नव्या इमारतीचे माहितीपत्रक छापून आले. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर आमचा आंबा, आणि खाली ओळ: "शतायुषी आम्रवृक्षाच्या शीतल सान्निध्यात." वर्षभरापूर्वी ४९वर अडलेला आंबा एकदम शंभरीत गेलेला पाहून मी बिल्डरच्या कचेरीत फोन केला. "साहेब, ते मार्केटिंगचं वय आहे," असे उत्तर मिळाले. आंब्याकडे तोंड असलेल्या विक्रीच्या सदनिकांना दर चौरस फुटामागे जादा भाव लावला आहे. आमच्या सभासदांच्या सदनिका चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि आजींच्या वाट्याला मागची, ट्रान्सफॉर्मरसमोरची बाजू आली. त्यांनी त्याविरुद्ध लेखी अर्ज दिला आहे, सोबत लग्नाचा फोटो पुरावा म्हणून जोडला आहे आणि मागणी अशी केली आहे, की आंबा शंभर वर्षांचा असेल तर तो त्यांच्या आजेसासऱ्यांचा ठरतो, तेव्हा जादा भावातला वाटा त्यांना मिळावा. अर्ज पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. विषय झाडांचा असल्यामुळे उत्तराचा मसुदा मीच करायचा आहे.