गौरीच्या ताटात काय वाढायचं

भाचीच्या सासरी, रत्नागिरीकडे, गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण आणि वडे. गणपती आणि गौर यांच्यामध्ये तेवढ्यापुरता पडदा लावतात. तिने हौसेने ताटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आमच्या आतेभावाने खाली लिहिलं, 'हे शास्त्रात बसत नाही.' पोरगी बिचारी गप्प झाली. मी मध्ये पडलो तर, 'जर्मनीत, स्टुटगार्टात बसून आम्हाला शास्त्र शिकवू नकोस.'

शिकवतो.

आम्ही ऋग्वेदी, सूत्र आश्वलायन. गोत्र-प्रवर सांगताना आतेभाऊही त्याचं नाव घेतो. त्याच आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या नियमग्रंथात, सहाव्या महिन्यात बाळाला पहिलं अन्न काय भरवावं ते सांगितलंय. पोराला अन्नधान्याची ददात पडू नये असं वाटत असेल तर बोकडाचं मांस, ब्रह्मवर्चस, म्हणजे वेदविद्येचं तेज, हवं तर तित्तिर पक्ष्याचं, तेज हवं तर तूपभात. आणि पाहुण्याला मान म्हणून द्यायचा मधुपर्क मांसावाचून होत नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. पुढच्या धर्मशास्त्रकारांनी यातलं पुष्कळसं कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात करू नये असं, ठरवलं, हे मलाही ठाऊक आहे. पण मग 'आमच्या आजीला चाललं नसतं' एवढंच म्हणा की. तेही कारण पुरेसं आहे.

रामायणात मंदाकिनीच्या काठी राम दशरथाला पिंड देतो तो इंगुदीच्या, म्हणजे एका रानफळाच्या, पेंडीचा, त्यात बोरं मिसळून. वनात दुसरं होतं काय? वर म्हणतो, 'यदन्नः पुरुषो भवति तदन्नास्तस्य देवताः', माणूस जे खातो तेच त्याच्या देवांचं अन्न. रत्नागिरीच्या त्या घरात वेगळं काय झालं?

आणि ताटातल्या पदार्थांवर एवढा जीव काढणाऱ्यांना बाकीचं आठवतं का? जेवणाआधीच्या रोजच्या वैश्वदेव विधीत शिजलेल्या अन्नाच्या आहुत्या अग्नीत पडल्या की बळी, म्हणजे अन्नाचे घास, मांडायचे. मनुस्मृतीप्रमाणे दाराशी मरुतांना, पाण्याजवळ पाण्याला, उखळ-मुसळाशी वनस्पतींना, अंथरुणाच्या उशाशी श्रीला, पायथ्याशी भद्रकालीला. मग कुत्री, पतित, रोगी, कावळे, किडे यांच्यासाठी अन्न हलकेच जमिनीवर ठेवायचं. नव्या सुना, कुमारिका, आजारी आणि गर्भार बायका यांना तर पाहुण्यांच्याही आधी वाढायचं. नोकरचाकर जेवले की उरलेलं नवरा-बायकोने खायचं. आतेभावाकडे केटररचा डबा येतो, त्यातलं देवापुढे ठेवून लगेच पानं घेतात, आणि कामवाल्या मावशींचा चहाचा कप वेगळा असतो. हा कप कुठल्या शास्त्रात बसतो तेही ग्रुपवर येऊ द्या.

इथे आमच्याकडे पुरण घरी शिजतं. डाळ आदल्या शनिवारी टर्किश दुकानातून आणावी लागते, तरी शिजतं. चित्राहुती, जेवणाआधी पानाशेजारी ठेवायची भाताची शितं, मी रोज घालतो. सांगलीला असताना वडील रागवायचे तेव्हाच घालायचो. धूप लावायचा तर आधी राउखमेल्डरवर, धुराच्या अलार्मवर, शॉवर कॅप चढवायची. एवढी खटपट करून नैवेद्य दाखवणारा माणूस त्यांच्यात एकही नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं, आणि जरा चढ्या आवाजात लिहिलं.

जे लिहिलं नाही ते असं, की ताटाच्या पुढचं मला इथे जमत नाही. बाल्कनीत कावळ्याला घास ठेवला की कबुतरं येतात आणि पाठोपाठ इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरची चिठ्ठी. तो घास बायोटोनमध्ये, ओल्या कचऱ्याच्या डब्यात, जातो. अतिथी म्हणजे तिथी न ठरवता येणारा; आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तीन आठवडे आधी वेळ ठरवून, वाइनची बाटली आणि सालाड घेऊन येतो आणि साडेदहाला उठतो. माणसं चांगली आहेत. पण दाराशी अचानक कोणी उभं राहील म्हणून मूठभर जास्त भात टाकायची सवय आईची होती, आमच्याकडे भात वाटीने मोजून लागतो. तेव्हा नैवेद्याचं ताट मी नेमकं कोणाला दाखवतो, असा प्रश्न कधी कधी पडतो. देवाला की ग्रुपला.

शेवटी आतेभावाने विचारलं, 'तुमच्याकडे गौरी तरी बसतात का?' बसतात, म्हणून फोटो टाकला. पंधरा जणांनी हात जोडले. गौरीपूजनाचं ज्येष्ठा नक्षत्र मधल्या वारी आलं की आम्ही गौरी पुढच्या शनिवारी जेववतो, हे त्या फोटोत दिसत नाही.