हो ची मिन्ह यांच्या तोंडी घातलेलं शिवचरित्र

भाचीला शाळेतल्या शिवजयंतीच्या भाषणासाठी कोणीतरी जो मजकूर पाठवला, तो दर फेब्रुवारीत महाराष्ट्रभर फिरतो. त्याचा गोषवारा असा : अमेरिकेने प्रचंड सैन्यानिशी चिमुकल्या व्हिएतनामवर हल्ला केला आणि वीस वर्षं लढून ती हरली. विजयानंतर एका पत्रकाराने व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांना रहस्य विचारलं, तर ते म्हणाले, शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून गनिमी कावा वापरला. त्यांच्या समाधीवर आपण महाराजांचे मावळे असल्याचं कोरलंय. पुढे त्यांच्या परराष्ट्रमंत्री भारतात आल्या आणि रायगडाची माती घेऊन गेल्या. लहान मुलगी हे व्यासपीठावरून इतिहास म्हणून सांगणार आणि समोरचे मोठे टाळ्या वाजवणार, हे मला सहन होत नाही.

मुलाखत आणि समाधी

हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ रोजी वारले. तेव्हा दक्षिण व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे पाच लाखांच्या आसपास सैनिक होते. युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. विजयानंतरची मुलाखत ते देऊच शकत नव्हते. काही जण नाव गाळून नुसतं ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहितात. १९७५ मध्ये त्या पदावर तोन दुक थांग होते, त्यांचं नाव या मजकुरात कधीच नसतं. पत्रकार कोण, वर्तमानपत्र कोणतं, तारीख काय, यातलंही काही नसतं.

समाधीचं तर उघड खोटं आहे. आपलं दहन करावं आणि राख देशाच्या तीन भागांत ठेवावी, असं हो ची मिन्ह यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाने ते मानलं नाही. त्यांचा देह रसायनं लावून जतन केला आणि हनोईच्या बा दिन्ह चौकात दगडी वास्तू बांधून ऑगस्ट १९७५ मध्ये ती खुली केली. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच आहे. जगभरचे लोक तिथे रांगेत उभे असतात, फोटो कोणीही पाहू शकतं.

अमेरिकेने प्रचंड सैन्यानिशी हल्ला केला

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण महासत्ता दूरच्या गनिमी युद्धात कशी गुंतत जाते, हेच त्याने झाकलं जातं. इथे मी मुख्यतः एकाच आधारावर विसंबतो : अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःसाठी करून घेतलेला, १९७१ मध्ये फुटलेला आणि २०११ मध्ये पूर्ण खुला झालेला ‘पेंटॅगॉन पेपर्स’ हा अभ्यास. त्यात १९४५ ते १९६७ मधले निर्णय टप्प्याटप्प्याने नोंदले आहेत.

सुरुवात सैन्याने नाही, पैशाने झाली. १९५० पासून अमेरिका इंडोचायनातल्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) फ्रेंचांना मदत देत होती. १९५४ मध्ये फ्रेंच दिएन बिएन फू इथे हरले तेव्हा त्यांच्या युद्धखर्चाचा पाऊण हिस्सा अमेरिका उचलत होती. व्हिएतनामचे कम्युनिस्ट उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या जिनिव्हा करारानंतर फ्रेंच गेले आणि दक्षिणेतल्या दिएम सरकारचं सैन्य घडवायला अमेरिकी सल्लागार राहिले. १९६० अखेर ते सुमारे ९०० होते. १९६१ अखेर सुमारे ३,२००, १९६२ अखेर ११,३००, १९६३ अखेर १६,३००. कागदावर हे सगळे सल्लागार. प्रत्यक्षात डिसेंबर १९६१ मध्ये दक्षिणेची राजधानी सायगॉनच्या धक्क्यावर हेलिकॉप्टरं उतरली, ती चालवायला अमेरिकी वैमानिक आले, आणि वैमानिक लढाईच्या वरूनच उडत होते.

पुढची साखळी नीट पाहा. विमानं आणली की धावपट्टी लागते. धावपट्टीवर कम्युनिस्ट गनिमांच्या उखळी तोफांचा मारा होतो. १ नोव्हेंबर १९६४ च्या रात्री बिएन होआ तळावर तसाच झाला, चार अमेरिकी मेले आणि बाँबफेकी विमानं जळाली. ७ फेब्रुवारी १९६५ ला प्लेइकूच्या तळावर हल्ला झाला. उत्तर म्हणून २ मार्चपासून उत्तर व्हिएतनामवर सलग बाँबफेक सुरू झाली. बाँबफेकीसाठी दा नांगचा तळ सुरक्षित हवा, म्हणून ८ मार्चला तिथे सुमारे ३,५०० मरीन उतरले. काम ठरलं होतं फक्त पहाऱ्याचं. पण उखळी तोफ दोन-तीन किलोमीटरवरून मारा करते. नुसत्या कुंपणाशी उभं राहून तिला रोखता येत नाही, पहारा बाहेर न्यावाच लागतो. एप्रिलमध्ये त्यांना चढाई करून लढायची परवानगी मिळाली आणि हा बदल गाजावाजा न करता लागू करायचा, असंही ठरलं. १९६५ अखेर अमेरिकी सैनिक झाले १,८४,३००. एप्रिल १९६९ मध्ये ५,४३,४००.

अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, युद्ध पुकारलंच नाही. अध्यक्ष जॉन्सन यांना मोकळा हात मिळाला तो ऑगस्ट १९६४ च्या टोंकिन आखात ठरावाने, कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ठरावाला निमित्त झालेल्या, अमेरिकी युद्धनौकांवरच्या दोन हल्ल्यांपैकी ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, हे आता अमेरिकेच्याच गुप्तवार्ता इतिहासकाराने मांडलं आहे. मार्च १९६५ ला लढायला उतरलेली अमेरिकी फौज मार्च १९७३ पर्यंत पूर्ण परतली, म्हणजे आठ वर्षं. वीस वर्षं हवी असतील तर सल्लागारांचा काळही धरावा लागतो, आणि तो धरला की ‘प्रचंड सैन्यानिशी हल्ला’ हे वाक्य आपोआप पडतं.

गनिमी काव्यानेच जिंकले

साम्य आहे, एवढं मी मान्य करतो. १६६१ मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाची कोंडी झाली ती तो जड फौज घेऊन अनोळखी अरुंद वाटेत शिरला म्हणून. २ जानेवारी १९६३ ला सायगॉनच्या नैर्ऋत्येला आप बाक गावाशी सुमारे ३५० गनिमांनी चौपटीने मोठ्या सरकारी फौजेला रोखलं, त्यातही भूभागाची जाण निर्णायक होती. गनीम कालव्याच्या बांधावर झाडांखाली खड्डे खणून बसले होते, वरून ते दिसत नव्हते. हेलिकॉप्टरं त्या झाडीच्या फार जवळ उतरली, पंधरापैकी पाच पडली. मदतीला निघालेली चिलखती वाहनं कालवे ओलांडताना अडकली आणि पोचली ती एकेक करून. त्यांच्यावरचा मशीनगनवाला कमरेपासून वर उघडा, त्यामुळे तोच आधी टिपला जायचा. पुढे त्या गनना पोलादी ढाली बसवाव्या लागल्या. संध्याकाळी छत्रीधारी सैनिक उतरवले ते पश्चिमेला. पूर्वेची वाट मोकळी राहिली आणि रात्री गनीम तिथून निघून गेले. सरकारी बाजूचे ऐंशीच्या आसपास मेले, शिवाय तीन अमेरिकी.

पण साम्य म्हणजे शिकवण नव्हे. या लोकांनी कोणाकडून घेतलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. चीनच्या माओचा दीर्घ युद्धाचा सिद्धांत त्यांनी घेतला : आधी बचाव, मग समतोल, मग उघडी चढाई. आणि घरचा इतिहास होताच. तेराव्या शतकात मंगोलांना हरवणारा त्रान हुंग दाव, १४१८ ते १४२७ मिंग चीनशी लढलेला ले लोई. हनोईतले मोठे रस्ते यांच्या नावाचे आहेत. ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी उसनं शौर्य आणलं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

आणि फक्त गनिमी कावा तर नव्हताच. गावातले गनीम, जिल्ह्याच्या तुकड्या आणि नियमित फौज अशी तीन थरांची रचना होती. मे १९५९ मध्ये नेमलेल्या ‘गट ५५९’ने लाओसच्या जंगलातून रसद-वाट काढली. आधी पाठीवर आणि सायकलींवर माल जायचा, नंतर ट्रकने, १९६८ नंतर इंधनाची नळवाहिनीही टाकली गेली. सोव्हिएत क्षेपणास्त्राने जुलै १९६५ मध्येच अमेरिकी विमान पाडलं. चीनने १९६५ ते १९६९ या काळात आळीपाळीने तीन लाखांहून अधिक माणसं उत्तरेत पाठवली, मुख्यतः रेल्वे, रस्ते आणि विमानविरोधी तोफांसाठी. १९६८ च्या तेत सणातल्या (व्हिएतनामी नववर्ष) उठावात दक्षिणेतल्या गनिमांची इतकी हानी झाली की पुढचं युद्ध मुख्यतः उत्तरेच्या नियमित फौजेने लढलं. १९७५ मध्ये सायगॉनच्या राजवाड्याचं फाटक तोडलं ते रणगाड्यांनी. झाडीत लपून दगड मारले की महासत्ता पळते, असं मुलांना शिकवलं तर त्या लाखो मृत माणसांची किंमत त्यांना कधी कळणारच नाही.

परराष्ट्रमंत्री आणि रायगडाची माती

यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. हाच मजकूर हिंदीत महाराणा प्रताप यांच्या नावाने फिरतो. तिथे माती मेवाडची, बाकी प्रसंग तोच.

भारताचा या युद्धाशी खरा संबंध हवा असेल तर तो नोंदींत आहे. नेहरू ऑक्टोबर १९५४ मध्ये हनोईला गेले, हो ची मिन्ह फेब्रुवारी १९५८ मध्ये भारतात आले. जिनिव्हा करार पाळला जातोय का हे पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. जून १९६२ च्या विशेष अहवालात भारत आणि कॅनडाने दोन्ही बाजूंना दोषी धरलं : उत्तरेला दक्षिणेत माणसं व शस्त्रं पाठवल्याबद्दल, आणि दक्षिणेला अमेरिकी सैनिकी मदत घेऊन प्रत्यक्षात लष्करी युतीच उभारल्याबद्दल. पोलंडने वेगळं मत नोंदवलं. त्यानंतर सातच महिन्यांनी आप बाक झालं.